बोटंमावशींचं माप

आमच्या मजल्यावर दोनच दारं, समोरासमोर. माझं दिवसभर उघडं असतं, कारण जिन्यात कोण कोणाला काय बोललं हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. समोरचं उघडं असतं ते गिऱ्हाइकांसाठी. आत खिडकीला लागून शिवणयंत्र, खिळ्यांना टांगलेले अर्धवट फ्रॉक, आणि यंत्रावर वाकलेली एक पाठ. ती पाठ बोटंमावशींची. वय बासष्ट, नवरा जाऊन सव्वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि तोंडात सदानकदा एकच वाक्य: "दमले गं बाई." सकाळी दुधाची पिशवी आत घेतानासुद्धा तेच. मी एकदा म्हटलं, "अहो मावशी, झोपेतून उठल्यावर तरी माणूस दमलेलं नसतं."

"झोपायला काय कमी कष्ट पडतात?" म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

बोटंमावशी हे नाव चर्चमधल्या पोरींनी ठेवलं. त्याला कारण झाला एक स्कर्ट.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या तरुण संघात एक मुलगी आखूड स्कर्ट घालून आली. किती आखूड, यावर आजही दोन मतं आहेत. मला विचाराल तर गुडघा दिसत होता, आणि त्या गुडघ्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पण वडीलमंडळींच्या, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांच्या, तीन बैठका झाल्या. एकजण म्हणाले, गुडघ्याखाली तीन इंच असा नियम करून टाकू. दुसरे भडकले, "देवाच्या घरात टेप आणायची? हे काय शिंप्याचं दुकान आहे?" तेव्हाच्या पाळकीणबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी, हुशार. त्यांनी मधला मार्ग काढला: गुडघ्याखाली चार बोटं, गळ्याच्या खळगीखाली फार तर दोन. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, बोटं कोणाची? एका वडिलांचा पंजा फावड्याएवढा. त्यांच्या बोटांनी मोजलं असतं तर पोरी स्कर्टात अडखळून पडल्या असत्या. शेवटी सगळ्यांची नजर गेली मागच्या बाकावर गप्प बसलेल्या शिवणबाईवर. विधवा, सरळमार्गी, सडपातळ बोटांची, कपड्यातलं कळणारी. वहीत रीतसर ठराव झाला: तरुण संघाच्या पोशाखासाठी शिवणबाईंची बोटं प्रमाण मानावीत.

मी त्यांच्याच शेजारी बसले होते. हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि पाळकसाहेबांना वाटलं मी भारावले. मावशी मात्र हसल्या नाहीत. "चर्चच्या वहीत माझं नाव तीनदा आलंय," असं त्या पुढे बरीच वर्षं सांगत. "बाप्तिस्मा, लग्न आणि बोटं."

तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता मावशी सभागृहाच्या दाराशी बुटक्या स्टुलावर बसायच्या. मुली रांगेत. एक पुढे आली की मावशी वाकून गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आडवी लावायच्या. कापडाची कड करंगळीखाली आली तर होकाराची मान हलवायची, नाही आली तर कपाटाकडे बोट. कपाटात जुन्या पडद्याचे शिवलेले, कमरेला इलॅस्टिक घातलेले मळकट हिरवे घोळदार स्कर्ट. शिवले अर्थात मावशींनीच. मुली त्याला पोतं म्हणत. "आज पोत्यात कोण?" हा दर शनिवारचा प्रश्न. त्यात विनोद असा की सभागृहाचे उरलेले पडदे अजून खिडक्यांना तसेच होते, त्यामुळे पोत्यातली मुलगी खिडकीपाशी उभी राहिली की नुसतं मुंडकं गाणं म्हणतंय असं दिसायचं.

मुलांनाही नियम होता, शर्ट खोचलेला असावा. तो तपासायला ठराव नव्हता. मावशींच्या स्टुलाला वळसा घालून मुलं वाऱ्यासारखी आत जायची, अर्धा शर्ट आत, अर्धा बाहेर, जसा देवाच्या मर्जीला येईल तसा.

मावशी काही बंडखोर नव्हत्या, हे इथेच सांगते. अंगभर कपडा असावा, प्रार्थनेला येताना माणसाने नीट यावं, हे त्यांना मनापासून पटायचं. माझ्या बिनबाह्यांच्या ब्लाऊजवर त्यांनी आयुष्यभर टोमणे मारले. "कापड कमी पडलं होतं का गं? मला सांगायचंस, तुकडा दिला असता." त्यांना कंटाळा होता तो वाकण्याचा. वीसेक मुलींच्या गुडघ्यांपुढे वीसदा वाकायचं आणि वीसदा उठायचं. "गुडघे त्यांचे, दुखते माझी कंबर," म्हणायच्या.

आता गोष्ट गेल्या तीन वर्षांची. आधी शनिवारी दोन पोती लागायची, फार तर तीन. मग पाच लागायला लागली. मग आठ. मावशींनी आणखी एक पडदा फाडला. नव्या पाळकीणबाई दर महिन्याला उभ्या राहून बोलायच्या, "मुली बिघडत चालल्या आहेत. काय ते मोबाईल, काय त्या दुकानातल्या खिडक्या! आकडेच सांगतात." मुलींना वाटायचं नियम गुपचूप कडक केलाय. आयांना वाटायचं पोरी उंच होतायत. मावशींना वाटायचं जगाचंच काहीतरी होतंय, आणि त्या अजून जास्त दमायच्या.

माझ्या कानावर मात्र दुसरंच येत होतं. सकाळी त्यांच्याकडे किटली दोनदा वाजायची. एकदा चहासाठी. दुसऱ्यांदा कशासाठी, ते मी एकदा साखर मागायच्या निमित्ताने जाऊन बघितलं. मावशी कोमट पाण्याच्या भांड्यात दोन्ही हात बुडवून बसल्या होत्या, लग्नातली अंगठी सुईदोऱ्याच्या डब्यात काढून ठेवलेली.

"संधिवात?" मी विचारलं.

"गारठा," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, जिन्यात वाजवू नकोस. शिवणबाईची बोटं सुजली म्हणून कळलं की कापड दुसरीकडे जातं. लोकांना निमित्तच हवं असतं."

मी वाजवलं नाही. माझ्या आयुष्यात पचलेली ती एकमेव बातमी.

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर बेकरी आहे. बेकरीवाल्याची मुलगी सतरा वर्षांची, उंच, काटकुळी, तिला सगळे शिडी म्हणतात. आवाज असा की तिने नुसते सुट्टे पैसे मोजायला सुरुवात केली तरी ऐकत राहावं. आसपासच्या सगळ्या चर्चचा गायन मेळावा होता आणि आमच्याकडून एकटीने म्हणायचं कडवं शिडीचं होतं. पण नियम असा की वर्षात दोनदा पोत्यात गेलेली मुलगी पुढच्या रांगेत उभी राहू शकत नाही. शिडी एकदा जाऊन आली होती, तयार स्कर्टामुळे. म्हणून तिच्या आईने नवा ड्रेस थेट मावशींकडेच टाकला. "तुमच्याच बोटांनी तपासायचा, तर तुम्हीच शिवा ना!"

मावशींनी शिवला. टेपने माप घेऊन, गुडघ्याखाली बरोब्बर तीन इंच. राखाडी कापड, साधी कॉलर, बारीक तुरपाई. मी बघून म्हटलं, "हा घालून पोरगी गायला लागली तर वडीलमंडळी जागी राहतील."

मेळाव्याआधी पंधरा दिवस शेवटची तपासणी. मी मुद्दाम गेले होते, फुलदाण्या पुसायच्या निमित्ताने. शिडी पुढे आली. मावशी वाकल्या, चार बोटं लावली. ड्रेसची कड अनामिकेपाशीच संपली. त्यांनी हात काढला, पुन्हा लावला. तेच.

शिडी हसली. "मावशी, तुम्हीच शिवलाय ना!"

पाळकीणबाई जवळ आल्या. "मावशींनी शिवलेला कमी भरेल होय? घरी नेऊन दुमड वर घेतली असणार हिने."

"मी सुईसुद्धा धरली नाही! मावशी, सांगा ना त्यांना."

मावशी स्टुलावर बसून होत्या. शिडीच्या गुडघ्याकडे बघत होत्या, तिच्या तोंडाकडे नाही.

"पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर कबूल कर," पाळकीणबाई म्हणाल्या, आणि आवाज चढवलाही नाही, "क्षमा माग. मग पुढच्या रांगेचं बघू. कपडा आखूड असणं एक वेळ चालेल, खोटं नाही चालणार." ड्रेस दुमड सोडून लांब करायला मावशींकडे दिला. शिडी पोतं चढवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मुंडकं तेवढं दिसत होतं. ते रडत नव्हतं.

संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, मावशी माझ्या स्वयंपाकघरात आल्या. हातात तो ड्रेस आणि टेप. माझी भांडी बाजूला सारून ड्रेस टेबलावर उलटा पसरला.

"तुरपाई बघ. दर दहाव्या टाक्याला मी एक मागे घेते. आहे ना?"

"आहे."

"ही दुमड कोणी हलवलेली नाही." मग आतल्या शिवणीवर निळ्या धाग्याची खूण दाखवली, गुडघा कुठे येतो ते कळायला त्या तशी घालतात. खुणेपासून कडेपर्यंत टेप लावली. तीन इंच. मग टेप सोडून तिथेच चार बोटं ठेवली. करंगळी पार कापडाबाहेर, टेबलावर.

मग मी टेप उचलली आणि त्यांच्या चार बोटांवरच आडवी टाकली. पावणेचार इंच.

मला हसू फुटलं. आवरेना. बावीस वर्षं अख्खं चर्च ज्या बोटांवर चाललं ती बोटंच फुगली, आणि बिघडल्या म्हणे पोरी! मी टेबलाला धरून हसत होते, आणि मग त्यांच्याकडे बघितलं. त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होत्या.

"डॉक्टरची धाकटी," त्या म्हणाल्या. "जुळ्या. ती तोतरी मुलगी, तिला तर चारदा. आणि चष्मेवाली."

चष्मेवाली मला आठवत होती. दोन वर्षांपूर्वी पोत्यात गेली, रडली, आणि नंतर चर्चमध्येच दिसली नाही. आई सांगायची, हट्टी झालीये.

"मग सांगून टाका शनिवारी," मी म्हटलं.

"आणि सोमवारी मला कापड कोण देईल? तू?"

"मी देईन. बिनबाह्यांचं."

त्या हसल्या नाहीत. ड्रेस घडी करून उठल्या. "दमले गं बाई," म्हणाल्या.

तो आठवडा वाईट गेला. मंगळवारी बेकरीवाली जिना चढून आली. मी अर्थातच दारात.

"आमची पोर खोटारडी ठरली तुमच्यापायी," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "तोंड होतं ना तुम्हाला? का तेही कपाटात ठेवलंय, त्या पोत्यांबरोबर?"

"बस जरा," मावशी म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही. गिऱ्हाईक विचारतंय, पाव ताजा आहे का, आणि वर विचारतंय, पोरीने कबूल केलं का!"

ती गेल्यावर यंत्र सुरू झालं नाही. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. एक बाई ब्लाऊजला विचारायला आली तर मावशींनी हात कापडाच्या गठ्ठ्याखाली ठेवून सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. चर्चला सांगावं तर हातचं काम जातं, न सांगावं तर पोर जाते. त्यांना तिसरी वाट सापडत नव्हती, आणि मी सुचवलेल्या तीन वाटा त्यांनी ऐकूनही घेतल्या नाहीत.

शुक्रवारी दुपारी शिडी आली. अंगावर पीठ, बेकरीतून थेट. खुर्चीवर न बसता यंत्राशेजारी जमिनीवर बसली.

"मावशी, मी उद्या कबूल करते."

"काय कबूल करतेस?"

"दुमड वर घेतली म्हणून. बाबा म्हणतात, म्हणून टाक आणि मोकळी हो. ते दमलेत. आई दमलीये. तुम्हीपण दमलेल्या दिसताय." तिने एक सुटा धागा उचलून बोटाला गुंडाळला. "फक्त ती कशी घेतात ते सांगा. दुमड. पाळकीणबाईंनी विचारलं तर मला सांगता यायला हवं."

मावशींनी तिच्या बोटाचा धागा सोडवला. मी दाराआड उभी. खोटं चालणार नाही म्हणणाऱ्या चर्चपुढे ही पोरगी खोटं कसं बोलायचं ते शिकायला आली होती, तेही शिवणबाईकडे, टाक्याटाक्याने.

"काही घेत नाहीत," मावशी म्हणाल्या. "घरी जा. हा राखाडी ड्रेस होता तसाच ने, उद्या तोच घालून ये. आणि जाताना त्या बाईला सांग, दाराआड उभं राहून पाय दुखतील तिचे."

शनिवारी चार वाजता मावशी स्टुलावर बसल्या नाहीत. स्टूल उचलून आत गेल्या, वडीलमंडळींच्या टेबलापुढे ठेवलं, त्यावर बसल्या आणि दोन्ही हात टेबलावर उताणे नाही, पालथे ठेवले. सांधे सुपारीसारखे वर आलेले.

"ही बघा," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं झाली सुजून. चार बोटं म्हणजे पूर्वी तीन इंच होती, आता पावणेचार आहेत. मुलींचे कपडे तेच आहेत. माझे हात बदलले. हिने दुमडीला हात लावलेला नाही. मला गेल्या शनिवारी कळलं आणि मी आठवडाभर गप्प बसले. ते मात्र माझं चुकलं."

पिशवीतून टेप काढून त्यांनी बोटांवर टाकली. देवाच्या घरात बावीस वर्षांत पहिल्यांदा टेप आली. फावड्यासारख्या पंजाचे ते वडील, आता ऐंशीचे, पुढे येऊन आकडा वाचून गेले. सभागृहात मुली एकमेकींकडे बघत होत्या. तोतरीने बोटांवर काहीतरी मोजलं आणि शेजारणीला कोपर मारलं.

पाळकीणबाईंचा चेहरा उतरला, हे मला मान्य करायला हवं. त्या शिडीजवळ गेल्या. "मी तुला खोटारडी म्हटलं. माझी चूक झाली." सगळ्यांसमोर. शिडीने मान डोलावली. एवढं झालं असतं आणि सगळे घरी गेले असते तर बरं झालं असतं.

पण वडीलमंडळी बसली होती ना. मग आता बोटं कोणाची, यावर चर्चा सुरू झाली. एकाने आपल्या बायकोची सुचवली, बायको मागून म्हणाली, "माझी तेवढी वगळा." एकाने सांगितलं, टेपच घ्या आता. लगेच दुसऱ्याने बावीस वर्षांपूर्वीचं तेच वाक्य टाकलं, शिंप्याच्या दुकानाचं. पाऊण तास गेला. शेवटी ठराव झाला, आणि तो मी स्वतः वहीत बघून आलेय: यापुढे शिवणबाईंची तीन बोटं चार मानावीत.

मावशी टेबलावरचे हात काढून घेत म्हणाल्या, "आणि अजून सुजली तर?"

"तर दोन," वडील म्हणाले. त्यांना ते अगदी साधं वाटलं.

शिडी मेळाव्यात गायली, पुढच्या रांगेत, राखाडी ड्रेसमध्ये. कशी गायली ते विचारू नका, मला त्या दिवशी सर्दी झाली होती आणि रुमाल ओला झाला.

कापडाचं म्हणाल, तर तीन गिऱ्हाइकं गेली. त्या ब्लाऊजवाल्या बाईने आपलं कापड न शिवताच परत नेलं, वर "तब्येत सांभाळा" म्हणाली. बेकरीवालीने मात्र दोन चादरी आणून टाकल्या. सरळ शिवणीच्या, सोप्या.

मेळाव्यानंतरच्या सोमवारी मावशी मला घेऊन औषधाच्या दुकानात गेल्या. काउंटरवर चष्मेवाली. आता चष्मा नवा, केस आखूड. मावशींनी सांधेदुखीचं मलम मागितलं, आणि ती ते काढेपर्यंत सगळं सांगून टाकलं. हात, इंच, दोन वर्षं.

मुलीने मलमाची नळी काउंटरवर ठेवली. "मला माहीत होतं."

"काय?"

"मी त्या दिवशी घरी जाऊन पट्टीने मोजलं होतं. तीन इंचाला थोडं जास्तच होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"कोणाला बोलणार? माप तुम्हीच होता." तिने टोपण उघडून त्यांचा हात हातात घेतला आणि सांध्यांवर मलम कसं चोळायचं ते दाखवलं, गोल, हलक्या हाताने. "दिवसातून दोनदा. आणि लगेच पाण्यात घालू नका."

"चर्चला येशील?"

"नाही मावशी," ती म्हणाली, अगदी नीट, रागाने नाही. मागे रांग होती. आम्ही निघालो.

त्या शनिवारी पावणेचारला पाळकीणबाईंनी निरोप्या पाठवला. दार मीच उघडलं, मावशींचं. "ठरावाप्रमाणे तीन बोटं हवी आहेत," तो म्हणाला.

"बोटांवर मलम आहे," मी म्हटलं. "आज पाठवता येत नाहीत."

तो गोंधळून खाली गेला. आत मावशी खिडकीपाशी बसल्या होत्या, हात मांडीवर मोकळे. समोर हिरव्या पोत्यांचा ढीग. कपाटातून त्यांनी कधी उचलून आणली, कोणाला विचारून, ते मी विचारलं नाही. मला त्यांनी खुर्चीवर बसवलं, हातात छोटी कात्री दिली आणि शिवणी उसवायला लावलं. इलॅस्टिक वेगळं, कापड वेगळं. सभागृहाच्या दोन खिडक्यांचे पडदे तयार होतील, म्हणाल्या.

"हळू गं. कापड फाडशील. इतकी वर्षं शेजारी राहतेस, एक शिवण धड उसवता येत नाही?"

"तुम्हीच इतकी पक्की घातलीत."

"हो ना," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून मान मागे टेकवली.